जुन्या मोटारीचा कार्बुरेटर

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ सालच्या ऑक्टोबरांत कायमची निघून गेली. परंतु त्याच घडणीच्या खासगी मोटारी अद्याप कांहीं घरांतून जिवापाड जपलेल्या आढळतात. अशी गाडी चौकांत उभी असतां धापा टाकूं लागली, कीं धनी कार्बुरेटरवर ठपका ठेवतो आणि मिस्त्री नवा आणावयास सांगतो. येथेंच बहुधा घाई होते.

इंजिनानें ओढलेली हवा कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यांतून वेगानें जातां तिचा दाब उतरतो, आणि त्या ओढीनें जेटच्या बारीक छिद्रांतून पेट्रोल तुषाररूपानें तींत मिसळतें. वजनानें सुमारें १५ भाग हवेस १ भाग पेट्रोल, हें इंजिनाचें पथ्य. पथ्य बिघडलें कीं तें कण्हूं लागतें. पण जळलेला पॉइंट किंवा काजळी धरलेला प्लग असला तरीही तें तसेंच कण्हतें, आणि हे दोन्ही जिन्नस कार्बुरेटरच्या मानानें अगदीं स्वस्त! म्हणून आधीं ते पाहावे.

नंतर चोक किंचित् ओढावा. तेवढ्यानें इंजिन सावरलें, तर कोठून तरी फाजील हवा शिरते आहे किंवा जेटमध्यें कचरा अडकला आहे असें समजावें. कचरा धुवून निघतो. उलट काळा धूर व पेट्रोलचा वास येत असेल, तर फ्लोट काढून कानाशीं हलवावा. आंत पेट्रोल खुळखुळलें तर तो फुटका. तेवढ्यासाठीं सबंध कार्बुरेटर फेकणें म्हणजे कडी मोडली म्हणून दार जाळणें होय.

मात्र थ्रॉटलची दांडी आपल्या भोंकांत डगमगत असेल, तर धुणें व्यर्थ. कुशल लेथवाला तेथें नवें बुश बसवितो. तसा न मिळाल्यास बदलणें प्राप्त आहे.

त्या वेळीं इंजिन पुरतें निवूं द्यावें व बॅटरीची तार सोडावी. तापलेल्या धुराच्या नळीवर पेट्रोल सांडलें तर भडका उडण्यास क्षणही लागत नाहीं. कार्बुरेटर उचलतांच खालच्या उघड्या तोंडांत स्वच्छ फडकें कोंबावें; एखादा वायसर आंत पडला, तर इंजिनच उघडावें लागतें. जुनें पॅकिंग खरवडून नवें घालावें आणि नट आळीपाळीनें, थोडे थोडे आवळावे. एकाच बाजूस जोर केल्यास बैठक वांकते, आणि जी हवा बंद करावयाची तीच पुन्हां शिरूं लागते. पेट्रोलची रबरी नळीही त्याच वेळीं बदलावी. २०२३ पासून मिळूं लागलेलें २० टक्के इथेनॉलचें पेट्रोल जुन्या रबरास मानवत नाहीं.

नव्या कार्बुरेटरच्या जेटांवरील आंकडे जुन्यांशीं ताडून पाहावे. बाजारांतील माल दिसण्यांत सारखा असून जेट भलतेच निघतात, आणि मग गाडी पूर्वीपेक्षांही अधिक पेट्रोल पिते. यासाठीं जुना कार्बुरेटर भंगारवाल्यास देण्यापूर्वीं त्याचे जेट काढून डबींत ठेवावे.