किरायदारासकट घर घेताना

आज बोलूया एका अस्सल नागपुरी स्वप्नावर. एक छोटं दुमजली घर घ्यायचं, त्यात तीन-चार किरायदार ठेवायचे, आणि मग आयुष्यभर पहिल्या तारखेला पैसे मोजायचे.

आई रिटायर झाली तेव्हा आम्हीही हेच शोधत होतो. मिहान, हिंगणा, बेसा सगळीकडे फिरलो. शेवटी नंदनवनच्या बाजूला एक जुनं घर पसंत पडलं. खाली दोन बिऱ्हाडं, वर दोन. प्रत्येकाला रूम-किचन आणि संडास-बाथरूम. मालक ६२ लाख म्हणत होता. दलालाने उभ्या-उभ्या हिशोब सांगितला, "चार सत्ते अठ्ठावीस. महिन्याला २८ हजार घरबसल्या, ताई."

आता ऐका. तीन बिऱ्हाडं खरंच ७ हजार देत होती. चौथ्यात, खाली डावीकडे, एक काकू राहत होत्या. १९८७ पासून. किराया ९०० रुपये. म्हणजे हातात येणार २१ हजार ९००. वर्षाचे २ लाख ६२ हजार ८००. त्यातून मालमत्ता कर, पाण्याचं बिल, रंगरंगोटी, मोटर जळणं आणि खोली एखादा महिना रिकामी राहणं हे सगळं काढलं की मी २ लाख १० हजार धरले. ६२ लाखांवर साडेतीन टक्केसुद्धा नाही! कर्ज काढून घ्यायचं म्हणाल, तर ४० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता येतो जवळपास ३४ हजार ७००. म्हणजे दलालाचे अठ्ठावीस खरे धरले, तरी किरायात हप्ता निघत नाही. हे गणित आधी कागदावर करा, मग घर बघायला जा.

पण आजचा खरा मुद्दा काकूंचा आहे. मालक म्हणाला, "त्यांची काळजी करू नका, रजिस्ट्रीच्या आधी खाली करून देतो." मी विचारलं, कसं? तर म्हणे, "पाणी बंद केलं की जातात लोक."

हे साफ बेकायदेशीर आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम २९ प्रमाणे घरमालकाला पाणी, वीज अशा गरजेच्या सोयी तोडता येत नाहीत. आणि कायदा बाजूला ठेवा, नागपूरच्या मे महिन्यात म्हाताऱ्या बाईचं पाणी बंद करणारा माणूस आपल्याला बाकीचे कागद तरी खरे दाखवेल का?

थोडा इतिहास सांगते, कारण जुन्या नागपुरात असे किरायदार खूप भेटतील. २००० च्या आधी विदर्भात वेगळा नियम होता, सी. पी. अँड बेरारचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश. त्यात किरायदाराला घर सोडायची नोटीस द्यायलाही आधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागायची. नवीन कायद्याने तो आदेश गेला, पण जुन्या किरायदारांचं संरक्षण गेलं नाही. किरायदार नियमाने किराया देत असेल, तर तो कमी देतो म्हणून काढता येत नाही. थकवला तरी आधी लेखी नोटीस आणि ९० दिवस. मालकाला स्वतःला खरंच घराची गरज असेल तर कोर्टात जाता येतं, पण ते सिद्ध करावं लागतं. आणि किरायदार वारला, तर सोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे हक्क जातो. काकूंचा मुलगा सोबतच राहतो.

म्हणजे घर विकलं तरी किरायदार तिथेच राहतो, फक्त मालक बदलतो. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा काकूंनी चहा दिला आणि सरळ विचारलं, "पोरी, घर विकलं म्हणजे मलेही विकलं का?" मी म्हटलं, "नाही काकू. तुम्ही इथेच राहणार असं धरूनच आम्ही भाव करू."

तसाच केला. चौथं बिऱ्हाड आपल्या हातात कधी येईल सांगता येत नाही, म्हणून आम्ही ५४ लाखांवर अडून बसलो. मालक दीड महिना फिरकला नाही, मग स्वतःच फोन केला. कर्ज न काढता, आईचे पैसे आणि गावची थोडी शेती विकून जमवलं. रजिस्ट्री आईच्या नावावर. बाईच्या नावावर राहतं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, ती सोडू नका. खरं सांगायचं तर एफडीत जास्त सुटले असते. पण आईला शहरात जमीन हवी होती, आणि पैसे तिचे होते.

रजिस्ट्रीच्या आधी आखीव पत्रिका, सर्च रिपोर्ट, मंजूर नकाशा हे सगळेच बघतात. प्लॉट नासुप्रच्या लीजवर असेल तर लीजचे कागद बघा, गुंठेवारीतला असेल तर आरएल लेटर बघा. यासाठी वकील करा, त्यात कंजूषी नको. पण मी आणखी एक कागद मागितला, प्रत्येक किरायदाराच्या सहीचं पत्र. किती वर्षांपासून राहतो, किराया किती, कुठपर्यंत भरला, डिपॉझिट किती दिलं. वरच्या दोघांचं १४-१४ हजार डिपॉझिट मालकाकडे होतं. ते व्यवहाराच्या रकमेतून कापून घेतलं. उद्या ते सोडून जाताना माझ्याकडेच मागणार ना!

आता नवीन किरायदाराबद्दल. आपल्याकडे पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ११ महिन्यांचं नोटरी केलं की झालं, असं सगळे समजतात. महाराष्ट्रात ते पुरत नाही. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेलाच पाहिजे, मग तो ११ महिन्यांचा का असेना. जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर किरायदार सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, उलटं सिद्ध करणं आपल्या गळ्यात. वर शिक्षाही आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड.

आणि खर्च किती? ७ हजार किराया, १४ हजार डिपॉझिट, २४ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे साधारण ५०० रुपये. नोंदणी फी शहरात १ हजार. ऑनलाइन होतं, घरबसल्या अंगठा लावून. या कराराचा फायदा असा की मुदत संपूनही माणूस उठला नाही तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि तोवर दुप्पट रक्कम मागता येते. पोलीस ठाण्यात किरायदाराची माहितीही त्याच दिवशी देऊन टाका.

विजेचं एक. त्या घरात चार बिऱ्हाडांत एकच मीटर होतं, आत सब-मीटर. महावितरणचा दर युनिट वाढले की चढतो, आणि उन्हाळ्यात चार कूलर एका मीटरवर म्हणजे सगळेच वरच्या स्लॅबमध्ये. मग महिनाभर भांडण, कोणाचा कूलर रात्रभर चालला म्हणून. आम्ही आधी चार वेगळे मीटर घेतले. आता जो तो आपलं बिल मोबाईलवर भरतो, माझा संबंध नाही.

टॅक्समध्ये, भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या किरायातून ३० टक्के सरळ वजावट मिळते, दुरुस्तीच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत.

काकू अजून तिथेच आहेत. कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ करता येते, म्हणून या वर्षी ९०० चे ९३६ केले. त्यांनी ३६ रुपयांचा हिशोब लिहून मागितला. मी लिहून दिला, पावतीसोबत.

पुढच्या भागात बोअर आणि सेप्टिक टँक. भेटूया!