हा आकडा अक्षरांचा की बाईटांचा?



आम्ही शाळेत फारसे गेलो नाही. जे शिकलो ते हजेरीपटावर आणि रात्रीच्या वाचनात. तेव्हा संगणकावर बोलायला आम्ही उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हजेरीपट आता संगणकात गेला आहे, आणि पटावर ज्याचे नाव चुकले त्याचा पगार अडला, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत.

उदाहरण चीनचे घेऊ. तेथे माणसाचे नाव बहुधा दोन-तीन अक्षरांचे. ते साठवायला जागा किती? रोमन अक्षराला एक बाईट पुरतो. चीनच्या १९८० सालच्या जीबी २३१२ या प्रमाणात चिनी अक्षराला दोन लागत. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ मध्ये त्याच अक्षराला तीन, आणि कित्येक दुर्मीळ अक्षरांना चार. म्हणजे सहा बाईटांच्या रकान्यात जे नाव पूर्वी नेमके बसे, ते आता नऊ मागते. मग कोठे नोंदच नाकारली जाते, कोठे नाव तुटते. आणि अक्षराच्या पोटातूनच तुटले, तर शेवटी उरते ते निरर्थक चिन्ह.

ओरॅकलमध्ये रकान्याला नुसते २० लिहिले, तर वेगळे सांगितल्यावाचून ते २० बाईटच धरतात. त्यात चिनी अक्षरे सहा! मायएसक्यूएल अक्षरे मोजतो खरा. पण त्याची 'यूटीएफ८' म्हणून जी पद्धत होती ती तीन बाईटांपाशीच थांबे. चार बाईटांसाठी २०१० साली 'यूटीएफ८एमबी४' ही निराळी पद्धत आणावी लागली. नाव पूर्णाचे आणि माल अपुरा. असली करारपत्रे आमच्या लोकांना नवी नाहीत.

१९९८ ते २००३ चीनचे पंतप्रधान असलेले झू रोंगजी यांच्या नावातले 'रोंग' हे अक्षर जीबी २३१२ च्या ६७६३ चिनी अक्षरांत नव्हते. पंतप्रधानांचे कोणीतरी जुळवून देतो. आडगावच्या शेतकऱ्याने काय करावे? दुर्मीळ अक्षरांना अधिक जागा देणारे जीबी १८०३० चे सुधारलेले प्रमाण १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाले.

हे परक्यांचे दुखणे समजू नका. देवनागरीचे प्रत्येक चिन्हही यूटीएफ-८ मध्ये तीनच बाईट घेते. 'स्त्री' हे दिसायला एक अक्षर. आत चिन्हे सहा, बाईट अठरा. २० बाईटांच्या रकान्यात त्यापुढे एक कानासुद्धा मावत नाही.

म्हणून आमच्या मागणीपत्रात आता एक कलम असते: पटावरचा नावाचा रकाना अक्षरांत मोजावा, आणि नाव मावत नसेल तर यंत्राने ते मुकाट न कापता कारकुनाला तसे सांगावे.