त्वचेवरील शेजारधर्म



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते दर सोमवारी प्रार्थनेनंतर आमची नखे तपासत. तो संस्कार घेऊन मी पुढे त्वचारोगांचा डॉक्टर झालो. परंतु ‘स्वच्छ म्हणजे जंतुरहित’ ही त्या वयातील समजूत मला व्यवसायात सोडून द्यावी लागली. ती का, एवढेच आज सांगावयाचे आहे.

निरोगी त्वचेवरही जीवाणू व बुरशी यांची दाट वस्ती असते. २००९ साली अमेरिकेतील एलिझाबेथ ग्राइस, ज्युलिया सेग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० निरोगी व्यक्तींच्या त्वचेवरील २० जागांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. दमट काखेतील वस्ती निराळी, कोरड्या हातावरील निराळी. एकाच देहावर जणू कोकणही आहे आणि देशही! ही मंडळी फुकट राहत नाहीत. त्वचेतील तेलकट द्रव्याचे विघटन करून ती आम्ले निर्माण करतात आणि त्या आम्लतेत अनेक उपद्रवी जंतूंना पाय रोवता येत नाहीत.

हा शेजार बिघडला की काय होते, हे इसबात दिसते. काहींच्या त्वचेची तटबंदी जन्मतःच कच्ची असते. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष त्याला कारण होतो, हे २००६ साली दाखविले गेले. अशा त्वचेवर रोग उसळला की स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू माजतो व इतरांचे वैविध्य घटते. त्याची विषद्रव्ये दाह वाढवितात, खाजवून तट आणखी ढासळतो आणि चक्र चालू राहते. योग्य उपचारांनी दाह शमला की जुने रहिवासी परततात. म्हणूनच रोज मलम लावून त्वचा ओलसर राखणे हा केवळ शृंगार नव्हे, तो उपचारच होय.

मग चांगले जीवाणूच औषध म्हणून लावले तर? २०१७ साली रिचर्ड गॅलो यांच्या गटाने रुग्णांचेच हितकारक जीवाणू वाढवून त्यांच्या हातावर लावले. ऑरियसची संख्या घटली. २०२१ च्या चाचणीतही ती घटली, मात्र सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता इसबाची तीव्रता निर्णायकपणे कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. तेव्हा आशा ठेवावी, पण जाहिरातींवर विसंबू नये.

आता आपल्या घरचे दुखणे. गजकर्ण झालेला तरुण माझ्याकडे येतो तो बहुधा दुकानातून आणलेली नळी रिकामी करूनच. तिच्यात स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असतात. स्टेरॉइडने खाज थांबते, माणूस निर्धास्त होतो आणि आत बुरशी पसरत राहते. प्रतिजैविकाचा बुरशीवर काहीच परिणाम होत नाही. मारले जातात ते निरपराध शेजारी. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीस मनाई केली. २०२० साली ‘ट्रायकोफायटन इंडोटिनिए’ असे नाव मिळालेल्या बुरशीचे अनेक प्रकार टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधालाही दाद देत नाहीत. त्या नावात आपल्या देशाचे नाव आहे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

गुरुजींनी नखे कापावयास सांगितले, ते योग्यच होते. मळ जावा, शेजारी राहावेत. चिठ्ठीविना मलम विकत घेण्यापूर्वी एवढे आठवले, तरी हे स्मरण सार्थकी लागले असे मी मानीन.