कॅमेरा आणि टिटवीची अंडी

पेडणे तालुक्यातील एखाद्या सड्यावर वैशाखात सकाळी अकराच्या सुमारास जाऊन उभे राहावे. पायाखाली तापलेला जांभा, दूरवर सुकलेले गवत, आणि मधूनच कानठळ्या बसविणारा टिटवीचा आक्रोश. माणूस ज्या दिशेने चालतो त्या दिशेने ती डोक्यावरून झेपावते, थोडी पुढे जाऊन बसते, पुन्हा उडते. अशुभ पक्षी म्हणून तिला दूषणे देणाऱ्यांस एवढेच ठाऊक नसते की, आपल्या पायांपासून चार हातांवर तिची अंडी पडलेली आहेत. घरटे असे नाहीच. जांभ्यातला एक उथळ खळगा, सभोवार चार खडे, आणि त्यांत मातकट रंगाची, काळसर ठिपक्यांची बहुधा चार अंडी. खडा कोणता आणि अंडे कोणते हे ओळखावयास सवयीचा डोळा लागतो.

आता ह्याच ठिकाणी हौशी छायाचित्रकार येतो. त्याचा हेतू निर्मळ असतो. त्याला अंडी नको असतात, पक्षी नको असतो. हवे असते ते फक्त एक चित्र. तो गुडघे टेकतो, चार खडे बाजूस सारतो, एक काडी उचलून टाकतो, आणि मनासारखे चित्र मिळेपर्यंत वीस मिनिटे तेथेच बसतो. तेवढा वेळ टिटवी घिरट्या घालीत असते. वैशाखातल्या उन्हात अंड्यांना ऊब नको असते, सावली हवी असते. टिटवी पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते व त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवते. ती वीस मिनिटे दूर राहिली तर आतला जीव उन्हाने शिजून जातो. शिवाय माणूस कोठे वाकला हे कावळा झाडावरून पाहत असतो. पंचतंत्रातल्या टिटवीची अंडी समुद्राने नेली, तेव्हा तिला गरुडाकडे दाद मागता आली. कॅमेऱ्याविरुद्ध दाद मागावयास तिला कोणी नाही.

वन्य जीवांची छायाचित्रे घेण्याच्या ह्या छंदाचे मूळ इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत सापडते. यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात वाढलेले रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोघे भाऊ. त्यांनी 1892 साली थ्रश पक्ष्याच्या घरट्याचे, आतील अंड्यांसह, जागेवर जाऊन छायाचित्र घेतले, आणि 1895 मध्ये ब्रिटनमधील पक्ष्यांच्या घरट्यांवर अशाच छायाचित्रांनी सजलेले पुस्तक प्रसिद्ध केले. त्याआधी पक्ष्याचे चित्र काढावयाचे म्हणजे प्रथम बंदूक घ्यावयाची, मग पेंढा भरावयाचा आणि मग कुंचला उचलावयाचा, असाच क्रम होता. कीर्टन बंधूंनी तो मोडला. पक्षी माणसाला भितो, परंतु चरणाऱ्या गुराला भीत नाही हे ओळखून त्यांनी बैलाचे कातडे सांगाड्यावर चढविले, आणि त्याच्या पोकळ पोटात उभे राहून कॅमेरा चालविला. त्या काळचा अवजड कॅमेरा, काचेच्या प्लेटी आणि त्यात हा कातड्याचा उकाडा! हौसेला मोल नसते म्हणतात ते अशा लोकांवरून.

कीर्टन बंधूंचा बैल आपल्याकडे आयताच उभा आहे. शापोरा आणि तेरेखोल ह्या दोन नद्यांच्या मधला पेडण्याचा प्रदेश. त्यातली खाजन शेते, मानशीजवळचे चिखलाचे पट्टे, तेथे चरणाऱ्या म्हशी आणि त्यांच्या पायांत वावरणारे गायबगळे. बगळा म्हशीच्या पाठीवर बसतो, पण बांधावर माणूस दिसताच उडतो. तोच माणूस होडीत न हलता बसून प्रवाहाबरोबर वाहत आला तर कित्येकदा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. चोडण बेटावरील सलीम अली पक्षी अभयारण्यात, 1988 साली राखीव झालेल्या त्या जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरच्या कांदळवनात, होडीतून पक्षी पाहणाऱ्यांस हा अनुभव नेहमी येतो. लपण्यासाठी महागडा तंबू लागतोच असे नाही. लागते ते स्वस्थ बसणे, आणि तेच सर्वांत अवघड.

एरिक हॉस्किंग हा दुसरा इंग्रज छायाचित्रकार. 1937 साली वेल्समध्ये एका घुबडाने झडप घालून त्याचा डावा डोळा निकामी केला. पुढे कित्येक दशके तो एका डोळ्याने पक्ष्यांची अप्रतिम चित्रे घेत राहिला, ही गोष्ट नेहमी कौतुकाने सांगितली जाते आणि ते कौतुक योग्यच आहे. पण हॉस्किंगचा हेतू किती चांगला आहे हे घुबडाला कळावयाचे कसे? 1981 च्या कायद्यान्वये ब्रिटनमध्ये आता अनुसूचीतील दुर्मीळ पक्ष्यांना घरट्यावर जाणूनबुजून त्रास देणे हा गुन्हा आहे. तशा घरट्याजवळ जाऊन चित्र घ्यावयाचे तर आधी परवाना काढावा लागतो. आपल्याकडेही 1972 चा वन्य जीव संरक्षण कायदा आहे. पण कायदा पुस्तकात असतो आणि टिटवी सड्यावर.

सड्याची खरी शोभा पाहावयाची ती श्रावणात. उन्हाळ्यात ज्यावर गवताची काडी उभी राहत नाही त्या कातळावर पावसाळ्यात रंगांचे पट्टे उमटतात. सीतेची आसवे ही निळी-जांभळी इवली फुले, गेंदाचे पांढरे ठिपके, पिवळा कवला, ओलाव्याच्या कडेला किडे पकडून खाणारी दवबिंदू ही वनस्पती. ह्यांची चित्रे घेणाऱ्याला पोटावर पालथे पडावे लागते, एका हातात छत्री धरावी लागते, आणि कोपरांखाली दुसऱ्या कोणत्या फुलांचा चेंदामेंदा होत आहे हेही पाहावे लागते. घरी परतल्यावर भिंग पुसून, ओल शोषणाऱ्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले नाही, तर गोव्याच्या दमट हवेत त्यावर बुरशी धरते आणि मग पुढच्या वर्षीची सर्व फुले धुक्यातली दिसू लागतात. प्रकाशाचीही गोष्ट निराळी. इंग्लंडात सूर्य क्षितिज धरून चालतो, त्यामुळे लांब सावल्यांचा मऊ प्रकाश कितीतरी वेळ टिकतो. आपल्याकडे तो सरळ माथ्यावर चढतो. उघाडीच्या दिवसात सकाळचा पहिला तास काय तो आपला. मात्र श्रावणातले पांढुरके ढग दिवसभर सड्यावर जणू मलमल पसरून ठेवतात, आणि ओल्या जांभ्याचा तांबडा रंग तेव्हा जितका गडद दिसतो तितका एरव्ही कधी दिसत नाही.

ही चित्रे केवळ भिंतीवर लावण्यासाठी आहेत काय? मोप्याचे उदाहरण ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेथील सड्यावरील विमानतळास 2015 साली पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली, कारण मूळ अर्जात आसपासच्या वनांची आणि नाजूक क्षेत्रांची माहिती जशी द्यावयास हवी होती तशी दिलेली नव्हती. जानेवारी 2020 मध्ये जादा अटी घालून स्थगिती उठविण्यात आली, 11 डिसेंबर 2022 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि 5 जानेवारी 2023 पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. विमानतळ व्हावा की न व्हावा हा ह्या भाषणाचा विषय नव्हे. त्याचा उपयोग हजारो लोकांस होत आहे. लक्षात घ्यावयाचे ते असे की, जे कागदावर नोंदलेले नसते ते नाहीच असे धरले जाते. दूरच्या कचेरीत सडा म्हणजे पडीक खडक. कोणत्या श्रावणात, कोणत्या वाडीच्या वर, कोणती फुले होती हे दाखविणारी शेदीडशे चित्रे तारखेसह गावकऱ्यांच्या हाती असती, तर त्या खडकाचे वर्णन करणे कोणासही इतके सोपे गेले नसते.

डिचोलीत हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. मयेच्या तळ्याचे, हरवळेच्या धबधब्याचे चित्र घेणारा माणूस डोळा बारीक करून, चार पावले डावीकडे सरकून, मागची खाणीची माती चौकटीबाहेर जाईल अशी खटपट करतो. सौंदर्यदृष्टी म्हणून ह्याला नाव ठेवता येणार नाही. परंतु दहा वर्षांनी ते चित्र पाहणाऱ्यास डिचोली जशी नव्हती तशी दिसणार. लोहखनिजाच्या खाणी सप्टेंबर 2012 मध्ये थांबल्या, मध्यंतरी काही काळ चालल्या, आणि 2018 मध्ये न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा बंद झाल्या. त्यानंतर लिलावाने त्या नव्याने सुरू करण्याचे पाऊल टाकले गेले. बंद पडलेल्या खंदकांत पाणी साचून निळी-हिरवी तळी झाली आहेत. चित्रात ती काश्मीरची वाटतात. मातीच्या कित्येक ढिगांवर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ वाढून दाट हिरवळ झाली आहे. तीही चित्रात रानासारखी दिसते. कॅमेरा खोटे बोलत नाही असे म्हणण्याची पद्धत आहे, पण तो बाभूळ आणि किंदळ ह्यांतला फरक आपण होऊन सांगत नाही. तो फरक चित्राखाली शब्दांनी लिहावा लागतो. एकाच जागी उभे राहून, ढीग चौकटीत ठेवून, दर वर्षी ठराविक दिवशी एक चित्र घ्यावे. पहिली दोन वर्षे त्यात पाहण्यासारखे काहीच नसेल.

आणि काही चित्रे मुळीच घेऊ नयेत. शापोऱ्याच्या मुखाशी असलेल्या मोरजीच्या टेंबवाडा किनाऱ्यावर हिवाळ्याच्या रात्री ऑलिव्ह रिडले जातीची कासवी अंडी घालण्यास वर येते. ही कासवे कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि वनखात्याचे लोक व गावातील राखणदार घरट्यांभोवती कुंपण घालून रात्रंदिवस पहारा देतात. वाळूवर चढताना दिव्याचा झोत डोळ्यांवर आला तर कासवी अंडी न घालता समुद्रात परत फिरते. एका खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ती दीड ते दोन महिन्यांनी फुटून पिले बाहेर पडली की, जिकडे उजेड अधिक तिकडे समुद्र अशी त्यांची समजूत असते. पूर्वी ती खरी होती. आता किनाऱ्यावरील उपाहारगृहांचे दिवे त्यांना उलट दिशेला ओढतात, आणि त्यात मोबाइलच्या पांढऱ्या झगझगाटाची भर पडते. एका क्षणाचे चित्र पदरात पडते आणि पिलू रस्त्याकडे चालू लागते.

पहाटे मात्र त्या वाळूवर जावे. भरतीचे पाणी येण्यापूर्वी कासवीच्या येण्याजाण्याची वाट तेथे स्वच्छ उमटलेली असते. दोन्ही बाजूंस वल्ह्यासारख्या पायांचे ठसे, एक डावीकडे, मग थोडे पुढे एक उजवीकडे. कारण ही कासवी एकेक पाय आळीपाळीने टाकीत चालते. सूर्य वर येण्याआधी, तिरप्या उजेडात, त्या ठशांच्या कडा उठून दिसतात. शेजारी मापासाठी हातरुमाल अंथरावा, चित्र घ्यावे, तारीख आणि जागा वहीत टिपावी, आणि ठसे न तुडविता ओल्या वाळूवरून परत यावे.