गावातलं घर घेताना

आम्ही गावठाणात दोन खणांचं घर घेतलं. १०० रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं, ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नाव लागलं, मी पेढेही वाटले.

वर्षानं विकणाऱ्याची बहीण दारात. "माझी सही कुठंय?" राग आला, पण तिचं खरं होतं. बापामागं घरात तिचाही वाटा, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं.

नमुना ८ म्हणजे घरपट्टीची नोंद. त्यानं मालकी येत नाही. त्यासाठी सगळ्या वारसांच्या सह्यांचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. राहतं घर एकट्या बाईच्या नावानं घेतलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलतही आहे.

आता बहिणीचे पैसे हप्त्यानं देतोय. दोन हप्ते राहिलेत. मग खरेदीखत, माझ्या नावानं.