निकालाची वाट पाहताना

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी-गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



संतशिरोमणी श्रीनामदेव महाराजांच्या चरणी वंदन करून मी बोलावयास उभा राहिलो आहे. चिटणीसांनी हे काम मजवर सोपविले, तेव्हा मी त्यांना म्हटले की, मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला आणि अडतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून बाराखडी व पाढे शिकविलेला मनुष्य. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलांना मी काय सांगणार? त्यावर ते म्हणाले, "गुरुजी, मुलांना सांगणारे पुष्कळ आहेत. तुम्ही पालकांना सांगा." तेव्हा मात्र मला नाही म्हणवेना. कारण विद्यार्थी म्हणून मी कधी नापास झालो नाही. परंतु पालक म्हणून एकदा झालो आहे.

आताच ज्यांच्या हाती श्रीफळ आणि पुष्पगुच्छ दिला, त्या सर्व गुणवंतांचे मी मनापासून अभिनंदन करतो. त्यांचे कष्ट मोठे आहेत. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते ज्यांचा निकाल अद्याप लागलेला नसतो, अशा मुलामुलींविषयी आणि त्यांच्या घरांविषयी. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' ही परीक्षा साधारण तीन तासांची असते. तिच्यानंतरचे वाट पाहणे तीन-चार महिन्यांचे असते. प्रथम उत्तरतालिका, मग गुण, मग गुणवत्ता यादी, मग महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरणे, मग पहिली फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी. अभ्यासाचे वर्ष कठीण खरे. परंतु त्या वर्षी मुलाच्या हातात पुस्तक तरी असते. वाट पाहण्याच्या दिवसांत हात रिकामे असतात आणि मन भरलेले असते.

जेथे मुलाखत असते तेथे हा ताण आणखी वेगळा. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात 'नीट'च्या गुणांवरून निवडक विद्यार्थ्यांना बोलावून त्यांची मुलाखत घेतात. माझा एक जुना विद्यार्थी अशा मुलाखतीस जाऊन आला होता. तो मला म्हणाला, "गुरुजी, लेखी परीक्षेतले उत्तर मी विसरून गेलो, पण मुलाखतीत बोललेले वाक्य रोज रात्री आठवते आणि रोज निराळे उत्तर सुचते." आणि याच मुलास दिवसातून दहा जण विचारीत होते, "काय रे, काय विचारले? मग काय सांगितलेस?" विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु जखमेवरची खपली प्रत्येकाने प्रेमाने उचलून पाहिली, तरी जखम ओलीच राहते.

या शिक्षणाची ओढ आपल्या प्रांतास नवी नाही. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांच्या हाती कोणत्याही महाविद्यालयाचा प्रवेश नव्हता. समुद्र ओलांडून तेथे पोचल्यावर त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास पत्र लिहिले आणि उत्तराची वाट पाहिली. पुढे १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. त्या वेळी अडचण होती ती समाजाच्या विरोधाची. आज अडचण आहे ती संख्येची. २०२४ साली सुमारे तेवीस लाख विद्यार्थी 'नीट'ला बसले, आणि एम. बी. बी. एस. च्या जागा सबंध देशात एक लाखाहून थोड्या अधिक होत्या. म्हणजे वीस मुलांत एकास जागा. हे गणित तिसरीच्या मुलासही समजते. परंतु आपल्या घरातले मूल त्या एकोणीसांत असू शकते, हे मात्र शिकल्यासवरल्या बापासही समजत नाही. मला तरी समजले नव्हते.

आता माझी गोष्ट सांगतो. माझ्या मुलाने २००० साली बारावी केली आणि राज्याची वैद्यकीय प्रवेश परीक्षा दिली. माझे वडील उभा जन्म शिवणयंत्रावर वाकून बसले. त्यांच्या नातवाच्या गळ्यात डॉक्टरची नळी दिसावी, ही माझी इच्छा होती. मुलाची होती की नव्हती, हे मी कधी विचारले नाही. निकालापूर्वीच मी चार ठिकाणी सांगून बसलो होतो. यादी लागली. पाच-सहा गुण कमी पडले. त्या दिवशी संध्याकाळी तो ओटीवर बसला होता. मी आत जाता जाता म्हणालो, "इतक्यांची नावे लागली, तुझेच कसे राहिले?" एवढेच वाक्य. त्यानंतर मी त्याच्याशी तीन आठवडे बोललो नाही. मी स्वतःस समजावीत होतो की, ही शिस्त आहे. खरे पाहता ती माझी लाज होती, आणि ती मी त्याच्या अंगावर टाकली होती. तो मुकाट्याने औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेस गेला, पुढे त्याने औषधाचे दुकान काढले आणि संसार नेटका केला. परंतु या मेळाव्यास तो अकरा वर्षे आला नाही. कोणी विचारले की मी सांगत असे, "दुकान सोडवत नाही." आज सर्वांसमक्ष सांगतो, कारण ते नव्हते.

त्याच मुलाची मुलगी, माझी नात, २०२४ साली 'नीट'ला बसली. ते वर्ष कसे गेले हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. परीक्षा ५ मे रोजी झाली. निकाल १४ जूनला लागावयाचा होता. तो ४ जूनलाच, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी लागला. सदुसष्ट मुलांना ७२० पैकी ७२० गुण मिळाले. मग पेपर फुटल्याच्या बातम्या आल्या, १५६३ मुलांचे वाढीव गुण रद्द होऊन त्यांच्यासाठी २३ जूनला फेरपरीक्षा झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. परीक्षा सर्वांचीच पुन्हा होणार की काय, हे जुलै महिना संपत आला तरी कळेना. माझी नात सकाळी पुस्तक उघडून बसे, दुपारी मिटून ठेवी. पुन्हा अभ्यास करावा तर तो कशासाठी, आणि न करावा तर परीक्षा झाली म्हणजे काय? अखेर २३ जुलैला न्यायालयाने फेरपरीक्षेस नकार दिला.

परंतु त्याच निर्णयात आमच्या घरापुरती एक गोष्ट होती. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे आधी बरोबर धरली होती. दिल्लीच्या आय. आय. टी. तील तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर असल्याचे सांगितले. पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर होते. नव्या आवृत्तीत 'प्रत्येक' जाऊन 'बहुतेक' आले होते. एका शब्दाचा फरक! त्यामुळे सुमारे सव्वाचार लाख मुलांचे पाच-पाच गुण कमी झाले: उत्तराचे चार आणि चुकल्याच्या दंडाचा एक. पूर्ण गुण मिळविणारे सतरा उरले. सुधारित निकाल २६ जुलैला आला. आमच्या नातीचेही पाच गुण गेले.

आणि सज्जनहो, ते जुने पुस्तक तिला मी आणून दिले होते. ओळखीच्या एका मुलाचा संच निम्म्या किमतीत मिळाला, म्हणून मोठ्या अभिमानाने आणला, स्वतःच्या हाताने तपकिरी कागदाची वेष्टने घातली आणि वर तिला उपदेश केला की, पुस्तक जुने झाले म्हणून विद्या जुनी होत नाही. अडतीस वर्षे शिकविणाऱ्या मनुष्याने आवृत्ती पाहिली नाही.

त्या रात्री मी जेवावयास उठलो नाही. चोवीस वर्षांपूर्वी मुलगा जेथे बसला होता, त्याच ओटीवर मी बसलो होतो. तो दुकान बंद करून आला. सर्व त्याला कळले होते. तो मला काहीही बोलला असता, तरी त्याचा तो अधिकार होता. 'इतक्यांना नवे पुस्तक मिळाले, माझ्याच मुलीला कसे मिळाले नाही?' एवढे म्हटले असते तरी हिशेब फिटला असता. तो माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "अण्णा, तुम्ही तिला लहानपणापासून शिकवलंत म्हणून ती इथवर आली. उठा, ताटं वाढली आहेत. ती तुमच्यासाठी थांबली आहे."

जे वाक्य मला सन २००० मध्ये सुचले नाही, ते त्याला सुचले. मी त्याचा बाप आणि शिक्षकही. पण हे त्याला मी शिकविलेले नव्हते.

पुढे ऑगस्टमध्ये प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या. नातीचे नाव एम. बी. बी. एस. च्या कोणत्याच फेरीत लागले नाही. पाच गुण असते तरी लागले असते किंवा नाही, हे सांगता येत नाही, आणि तिने ते कधी मोजून पाहिले नाही. ती आज आयुर्वेद महाविद्यालयात शिकत आहे. २०२४ च्या गुणगौरवाच्या यादीत तिचे नाव नव्हते. तरी ती त्या मेळाव्यास आपल्या वडिलांसह आली आणि दिवसभर स्वयंसेविका म्हणून पाणी देत होती. बापाला जे अकरा वर्षे जमले नाही, ते मुलीला त्याच वर्षी जमले. कारण घरात तिला कोणी लपावयास लावले नाही.

या अनुभवावरून चार गोष्टी पालकांच्या सेवेशी सादर करतो.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. वाट पाहण्याच्या दिवसांत मोठ्यांनी मुलांची चिंता वाढविण्यापेक्षा कचेरीच्या पायऱ्या चढाव्यात. जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयरचा दाखला ही सर्व कागदपत्रे निकालापूर्वीच घरात हवीत. वैधतेचे काम तर अकरावीतच हाती घ्यावे. गुण असूनही एका कागदापायी जागा गेली, तर ते दुःख मुलाचे आणि दोष आपला.

दुसरी गोष्ट, दुसरी वाट आधी पाहून ठेवावी. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, परिचर्या, औषधनिर्माण अशा पुष्कळ वाटा रुग्णाच्या खाटेशीच जातात. निकालानंतर घाईने सांगितलेली वाट मुलाला शिक्षेसारखी वाटते. आधी सांगितलेली वाट आधारासारखी वाटते. पसंतीक्रम मात्र मुलाने स्वतः भरावा. आणि पैसे दिल्यास जागा मिळवून देतो, असा कोणाचा दूरध्वनी आल्यास तो तेथेच ठेवून द्यावा.

तिसरी गोष्ट, मुलाकडे लक्ष असावे. त्याच्यावर पहारा नसावा. मूल एकटे एकटे जेवू लागले, रात्री जागू लागले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर ते नाटक समजू नये. त्याच्याजवळ बसावे आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा २०२२ सालापासून आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणासही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

चौथी गोष्ट आपणा सर्व ज्ञातिबांधवांसाठी. लग्नात, मुंजीत, बाजारात अशा मुलाची गाठ पडली, तर "किती मिळाले?" हा प्रश्न गिळावा आणि "जेवलास का?" एवढे विचारावे. ज्ञाती म्हणजे परस्परांची मापे काढणारी मंडळी नव्हे. मापे काढणे हा आपला धंदा होता, तो कापडापुरता.

धंद्याचा विषय निघाला म्हणून शेवटचे सांगतो. माझे वडील लहान मुलांचे कपडे शिवीत, तेव्हा शिवणीच्या आत चांगले बोटभर जास्त कापड दुमडून ठेवीत. गिऱ्हाईक कधी म्हणे, "इतके कापड आत कशाला दडवता?" वडील म्हणत, "पोर वाढतं आहे. माया ठेवली नाही, तर पुढच्या वर्षी उसवायचं काय?" शिवणीतल्या त्या जास्तीच्या कापडास आपल्या धंद्यात माया म्हणतात, हे येथे कोणास सांगावयास नको. पायपुसण्याला माया ठेवली नाही तरी चालते. अंगरख्याला ठेवावी लागते. मग पोटच्या पोराला आपण इतके बेताचे का बेततो, की पाच गुण कमी पडले तर सर्व शिवणच फाटावी?

माझ्याकडून ती चूक झाली. मुलाने मोठ्या मनाने ती उसवून पुन्हा शिवली. आज तो या सभागृहात मागच्या रांगेत बसला आहे. त्याची परवानगी घेऊनच मी हे बोललो. ज्यांच्या घरी सध्या निकालाची वाट पाहणे चालू आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर मुलाला काही विचारू नये. त्याच्या शेजारी पान मांडून जेवावयास बसावे, एवढीच विनंती करतो.