वायरिंग कोणी केलं होतं?

(वस्तीपातळीवरील महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



'घरातली सुरक्षितता' असा विषय मला दिला आहे. मी नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलेन असं तुम्हांला वाटलं असणार. आज मी विजेबद्दल बोलणार आहे. थोडं रूक्ष वाटेल, पण ऐका.

बाई भाजून गेली की आपण काय करतो? स्टोव्ह कुठे होता, दार आतून बंद होतं का, जबाब कोणी घेतला, त्या वेळी खोलीत सासरचं कोण होतं, हे सगळं विचारतो. हे विचारायला आपल्याला चळवळीने शिकवलं. आणि बाई शॉक लागून गेली तर? 'तिचं नशीब' म्हणून आपणही गप्प बसतो. मीही बसले होते.

मी काम करते त्या वस्तीत दोन पावसाळ्यांपूर्वी एक बाई कपडे वाळत घालताना गेली. पत्र्याची खोली. कपड्यांची तार पत्र्याच्या लोखंडी अँगलला बांधलेली. विजेची वायर पत्र्याला भोक पाडून आत घेतलेली आणि त्या भोकात साधी प्लॅस्टिकची नळीसुद्धा घातलेली नाही. वाऱ्याने वायर हलायची, पत्र्याच्या धारेवर घासायची. एक दिवस वरचं कव्हर कापलं गेलं. करंट पत्र्यात आला, पत्र्यातून तारेत, आणि ओल्या साडीतून तिच्या हातात. पाय चिखलात होते. पंचनाम्यात लिहिलं, 'विजेचा धक्का लागून अपघाती मृत्यू.' वायरिंग कोणी केलं हे पंचनाम्यात नव्हतं. माझ्या वहीतही नव्हतं.

तेरावं झाल्यावर बायकांनीच विषय काढला. वायरिंग गल्लीतल्याच एका पोराने केलं होतं. एकोणीस वर्षांचा. दुसऱ्या एका वायरमनची शिडी धरता धरता शिकलेला. काही जणी म्हणाल्या, याला पोलिसात द्या. माझ्याही मनात तेच होतं, खोटं कशाला सांगू!

मग मी कायदा काढून वाचला. वाचून रागाची दिशा थोडी बदलली. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४५ वा नियम होता. घरात नवा पॉइंट काढायचा, वायरिंग बदलायचं किंवा वाढवायचं, तर ते काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच घ्यायचं, त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख हवी, आणि हात लावणाऱ्या माणसाकडेही परवाना हवा. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलायला परवाना लागत नाही. २०१० साली या नियमांच्या जागी केंद्रीय वीज प्राधिकरणाचे विनियम आले, २०२३ मध्ये ते पुन्हा नव्याने आले. ही अट मात्र कायम राहिली. म्हणजे कायदा जुना आहे आणि चांगलाही आहे.

मग अडतं कुठे? नवीन मीटर घेताना वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो, त्यावर परवानाधारक ठेकेदाराची सही आणि शिक्का लागतो. ही सही विकत मिळते. ठेकेदार घर बघत नाही, तपासणीचं यंत्र आणत नाही, कागदावर आकडे भरतो आणि पैसे घेतो. काम गल्लीतला पोरगा करतो. परवाना एकाकडे, पक्कड दुसऱ्याच्या हातात! आणि आमच्या त्या बाईच्या खोलीला तर स्वतःचं मीटरच नव्हतं. खोलीमालकाने आपल्या मीटरवरून वायर ओढून दिली होती, दर महिन्याला पैसे घेत होता. तिथे टेस्ट रिपोर्ट मागणार कोण? मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची, मीटरच्या पुढची ग्राहकाची. भाडेकरू बाई या हिशेबात कुठेच येत नाही.

मोरीत, नळावर, ओल्या फरशीवर दिवसाचे किती तास कोण असतं, हे मी तुम्हांला सांगायला नको. पण वायरमन दारात आला की विचारतो, "घरात कोणी पुरुषमाणूस आहे का?" आणि आपण म्हणतो, "संध्याकाळी या."

तर संध्याकाळी नको. आपणच विचारायचं. परवाना आहे का, दाखव. अर्थिंगची तार कुठे गेली आहे, बोट ठेवून दाखव. पुष्कळ ठिकाणी तिसऱ्या भोकात तारच नसते, आणि प्लगची तिसरी पिन आपणच मोडून टाकतो, बसत नाही म्हणून! दुसरं, बोर्डावर एमसीबी बसवली की आपण निर्धास्त होतो. एमसीबी वायर जळू देत नाही. माणसाचा जीव वाचवायला ती बनवलेली नाही, माणूस मरायला फार थोडा करंट पुरतो. त्यासाठी आरसीसीबी लागते. गेलेला करंट आणि परतलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती क्षणात पुरवठा तोडते. भिशीच्या पैशातून घ्यायच्या वस्तूंत मिक्सरच्या आधी ती घ्या, असं मी आमच्या गटात सांगते. काही जणी हसतात. पाच जणींनी घेतली.

आणि असा मृत्यू झाला तर पंचनाम्यावर थांबू नका. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाला जावी लागते, त्यांच्यामार्फत चौकशी होऊ शकते. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आम्ही दिला तेव्हा फार उशीर झाला होता. जुनी वायर खोलीमालकाने काढून टाकली होती.

त्या पोराला आम्ही पोलिसात दिलं नाही. यावरून गटात भांडण झालं, एक जण आजही माझ्याशी नीट बोलत नाही. तिची बाजू चूक आहे असं मी म्हणणार नाही. गेलेली बाई तिची जाऊ होती.

पोराला मी म्हटलं, परवाना काढ. आयटीआयचा तारतंत्रीचा कोर्स दोन वर्षांचा. दोन वर्षं घर कोण चालवणार, हा त्याचा प्रश्न. दुसरा रस्ता म्हणजे शासनाच्या अनुज्ञापक मंडळाची परीक्षा, पण त्यासाठी परवानाधारक ठेकेदाराकडे काम केल्याचा दाखला हवा. गेल्या महिन्यात आम्ही दोघं अशाच एका ठेकेदाराकडे गेलो. गृहस्थ भले होते, चहा दिला. दाखल्याचा विषय काढल्यावर म्हणाले, "ताई, दाखला देतो की. किती वर्षांचा लिहू?"

पोराने माझ्याकडे बघितलं. आम्ही चहा संपवून उठलो. तो आता एका दुसऱ्या ठेकेदाराकडे रोज हजेरी लावतो. पगार निम्मा आहे.